बंड या शब्दाखालचं वाक्य

सून: आई, नळ सोडा जरा. भांडी राहू देत, नुसता सोडा.

सासू: पाणी वाया जातंय.

सून: जाऊ दे. मला बोलायचंय आणि खिडक्या उघड्या आहेत.

सासू: मग खिडक्या लाव की.

सून: भर दुपारी खिडक्या लावल्या तर समोरची विचारायला येईल, कोण आजारी आहे म्हणून. नळ बरा.

सासू: हा सोडला. आता बोल. आणि ती वाटी आधी खाली ठेव. पोर आत्ता कुठं झोपलंय. वाटी पडली तर संपली आपली दुपार.

सून: मघाचा फोन आमच्या सरांचा होता.

सासू: ते कळलं. ‘हो सर’, ‘नाही सर’ यापलीकडे शब्द फुटला नाही तुझ्या तोंडून.

सून: ते म्हणाले, शब्दकोशाची प्रुफं वर मंजुरीला गेली होती, ती परत आली. सगळा भाग पास आहे. एकाच ठिकाणी तांबडी रेघ मारलीय. बंड या शब्दापाशी.

सासू: मारणारच. सध्याच्या दिवसांत तो शब्द कुणाला हवा असणार? काढून टाका म्हणावं. एका शब्दावाचून कुणाचं लग्न अडत नाही.

सून: शब्दाला त्यांची हरकत नाही हो. अर्थालाही नाही. ‘सत्तेविरुद्ध उघड विरोध’ असा अर्थ दिलाय, तो त्यांना चालला. रेघ आहे वाक्याखाली. शब्द माणसं कसा वापरतात ते दाखवायला आम्ही खाली एक वाक्य देतो ना, त्याच्याखाली.

सासू: असं काय वाक्य दिलंत?

सून: तुम्ही आधी बसा.

सासू: मी मघापासून बसलेलीच आहे, बाई.

सून: तुमचं वाक्य आहे ते.

सासू: माझं? मी कधी गेले तुमच्या ऑफिसात वाक्यं द्यायला?

सून: तुम्ही दिलं नाहीत. मी घेतलं. आमच्याकडे मनानं रचलेलं वाक्य चालत नाही, माहीत आहे तुम्हाला. कुणाच्या तरी तोंडून कानावर पडलेलंच हवं. ‘उसवणं’ आलं की शिंप्याकडे जायचं, ‘ओलावा’ आला की गवंड्याकडे. बंडाला तर मी गाव पालथा घातला. मास्तर म्हणाले, वर्गानं बंड केलं. प्लंबर म्हणाला, तुमच्या टाकीनं बंड केलंय. न्हाव्यानं ह्यांच्या केसांना बंडखोर ठरवलं.

सासू: त्यात खोटं काही नाही.

सून: ऐका ना. सगळे दुसऱ्याबद्दल बोलत होते. पोरीनं केलं, पोटानं केलं, टाकीनं केलं. ‘मी बंड केलं’ असं म्हणणारं एक माणूस भेटेना. मी सरांना म्हटलं, हा शब्द बोट दाखवायलाच वापरतात बहुतेक, स्वतःच्या छातीवर हात ठेवून कुणी उच्चारत नाही. सर म्हणाले, तसं असेल तर तसं छापू, पण आधी शोधा. कुठंतरी असेल. मी शोधत राहिले. आणि एक दिवस तुम्ही पोराला भरवत होतात. तो तोंड घट्ट मिटून बसला होता.

सासू: दात येत होते त्याला.

सून: आणि तुम्ही त्याला म्हणालात, असा मीही एकदा हट्ट केला होता रे. आयुष्यात एकदाच बंड केलं मी, ऐकलेलं सांगितलं नाही.

सासू: मी पोराशी बोलत होते.

सून: हो.

सासू: वर्षाच्या पोराशी. त्याला कळत नाही म्हणून तर बोलले. तू ओट्याशी पाठ करून उभी होतीस, मला वाटलं दूध बघतेयस.

सून: दूध उतू गेलं त्या दिवशी. मी वाक्य घोळवत होते मनात, विसरू नये म्हणून. इतकं सरळ आलं होतं ते. आई, मला वाटलं शेजारणीच्या भांडणाबद्दल असेल काहीतरी. कुणाची चहाडी केली नाहीत, असं.

सासू: वाक्याखाली काय लिहिलंस?

सून: नाव नाही लिहीत आम्ही. कधीच नाही.

सासू: नाव नाही. मग काय लिहिता?

सून: बोलणाऱ्याचं काम. शिंपी, गवंडी, असं.

सासू: माझं काय लिहिलंस?

सून: निवृत्त टेलिफोन ऑपरेटर.

सासू: अगं बाई माझे.

सून: मला सुचलंच नाही. सवयीनं लिहिलं गेलं.

सासू: गावात अशा उरल्यात कितीशा? मी आणि ती पलीकडच्या गल्लीतली दमेकरी. तिला तर स्वतःचं नाव सांगायला लेक लागते.

सून: कशाबद्दल होतं ते?

सासू: नळ अजून मोठा कर.

सून: केला.

सासू: पाणीखात्याच्या लोकांनी काम बंद केलं होतं तेव्हा. तुझा नवरा पोटात होता. आम्ही ओळीनं बोर्डाला बसायचो. कानाला रिसीव्हर बांधलेला, समोर नुसती भोकं. या भोकातली दोरी त्या भोकात घातली की हा त्याच्याशी बोलला. ऐकायला आम्ही सगळ्याच ऐकायचो, त्यात लपवायचं काय. कुणाचं लग्न मोडलं ते आम्हाला नवरदेवाच्या आधी कळायचं. पण ऐकलेलं पोटात ठेवायचं. त्या आठवड्यात हुकूम आला की ऐका, आणि पाळी संपली की मोठ्या बाईंना सांगा.

सून: आणि तुम्ही नाही सांगितलंत.

सासू: एका माणसानं आपल्या आईला फोन केला. जेवलीस का विचारलं. मग म्हणाला, काळजी करू नकोस, मी अमक्याच्या घरी निजतोय. त्यालाच शोधत होते सगळे. पाळी संपली, बाईंनी विचारलं, तुझ्या दोरीवर काय होतं? मी म्हटलं, लाइनवर खरखर होती, काही समजलं नाही. झालं. खुर्चीखाली पाय असे लटपटत होते की चप्पल निसटली. याला कुणी बंड म्हणतं का?

सून: तुम्हीच म्हणालात.

सासू: पोराला गोष्ट सांगताना माणूस जरा मोठी करूनच सांगतं.

सून: तो माणूस आहे अजून?

सासू: आहे. कुठं ते विचारू नकोस. तुझा काही भरवसा नाही, तुझं कामच ऐकलेलं टिपायचं.

सून: माझी चूक झाली, आई.

सासू: रडू नकोस, रडलीस की तुला पान्हा फुटतो आणि तिकडे तो जागा होतो. मला एक सांग. सरांनी फोन ठेवला, तेव्हा तू लगेच ठेवलास?

सून: नाही. हातातच राहिला. का?

सासू: टक् असा आवाज आला असेल.

सून: आला. दोनदा आला.

सासू: एकदाच यायला हवा.

सून: म्हणजे?

सासू: म्हणजे माझ्यासारखं कुणीतरी बसलं होतं मध्ये. त्याला खरखर नसेल आली.

(दारावर हलकी थाप. सून नळ बंद करते. सासू तो पुन्हा सोडते.)

संपादक: मीच आहे. घाबरू नका. फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून म्हटलं, स्वतःच जावं.

सून: या ना सर. बसा. या माझ्या सासूबाई.

संपादक: नमस्कार. नको, बसत नाही. बाळ झोपलंय वाटतं. छान. छान घर आहे.

सासू: पाणी घेता?

संपादक: घेतो. नाही, राहू दे. बाई, ते वाक्य... आपण काढून टाकू. सोपं आहे. ‘टाकीनं बंड केलंय’ हे घालू.

सून: चालेल सर. आजच बदलते. आणि त्यांनी विचारलं तर सांगा, पहिलं मी रचलं होतं. कुणी बोललं नव्हतं. हवं तर कामावरून काढा मला.

संपादक: सांगितलं मी. तेच सांगितलं हो. बाई नवीन आहेत, लहान मूल आहे, झोप होत नाही, वाक्य मिळालं नसेल, रचलं असेल. ते हसले. त्यांनी माझीच प्रस्तावना काढली आणि मला वाचायला लावली. मोठ्यानं. ‘या कोशात एकही वाक्य रचलेलं नाही.’ मी सगळीकडे मिरवलंय ते वाक्य. तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

सून: मग?

संपादक: मग ते म्हणाले, बंड केलं असं स्वतः सांगणारं माणूस आहे म्हणजे. मी म्हटलं, अहो, भाषेत आम्ही हा शब्द अनेक अर्थांनी घेतो, घरगुती वापरही असतो, मूल जेवत नाही... ते म्हणाले, तुम्ही अर्थ सांगा, वापर आम्ही बघतो.

सासू: साहेब, एक विचारू?

संपादक: विचारा ना.

सासू: जिना चढून आलात, पण दम नाही लागलेला. दाराबाहेर बराच वेळ उभे होतात का?

संपादक: थोडा वेळ. थाप मारायला हात होत नव्हता.

सासू: एकटे आलात?

सून: सर?

संपादक: खाली गाडी आहे. मी त्यांना म्हटलं, घरात तान्हं मूल आहे, सगळे एकदम वर गेलात तर दचकेल. आधी मला जाऊ द्या. त्यांनी ऐकलं माझं. चांगली माणसं आहेत तशी. फक्त विचारणार आहेत.

सून: तुम्ही पत्ता दिलात.

संपादक: पत्ता त्यांच्याकडे होता, बाई. मी फक्त मजला सांगितला.

सून: मी येते. आई, माझी ओढणी द्या. टिपलं मी, लिहिलं मी, मीच बोलेन त्यांच्याशी.

सासू: बस खाली.

सून: तुम्हाला मी जाऊ देणार नाही. तुमचं वय काय, गुडघे काय.

सासू: पोर तुझ्या अंगावर पितंय. माझ्या अंगावर कोण पितंय? तासाभरात तो उठेल. मी काय पाजू त्याला, खरखर? बस म्हटलं ना. तू तिकडे गेलीस आणि त्यांनी पोराचं नाव काढलं, तर माझं नाव सांगायला तुला किती वेळ लागेल? खरं सांग.

सून: नाही सांगणार.

सासू: सांगशील. सांगायलाच हवं, आई आहेस. तुझ्यावर ती पाळी मला आणायची नाही.

सून: तुम्हाला भीती नाही वाटत?

सासू: वाटते की. तेव्हा नुसते पाय लटपटत होते, आता गुडघेही आलेत सोबतीला. पण मला दरडावण्याची एवढी भीती नाही गं. मला वेगळीच भीती आहे.

सून: कसली?

सासू: मी झोपेत बोलते.

सून: आई.

सासू: तुला माहीत आहे. तुझे सासरे म्हणायचे, दिवसभर मुकी आणि अंथरुणात रेडिओ. नावं घेते मी झोपेत. तिकडे मला निजावं लागलं, तर काय बाहेर पडेल याचा मला नेम नाही.

सून: सर, ऐकलंत? यांना झोपू द्यायचं नाही तिथं. अंधार पडायच्या आत परत आणायचं. सांगा त्यांना, वय आहे, औषधं आहेत, काहीही सांगा.

संपादक: सांगतो. सांगेन मी.

सून: सांगेन नको. तुम्ही सोबत बसायचं.

संपादक: मला खोलीत बसू देतील असं वाटत नाही, बाई.

सून: मग दाराबाहेर बसा.

संपादक: मला फार भीती वाटते हो. खोटं नाही सांगत.

सासू: मग तर बसाच. दोघं असली की भीती वाटून घेता येते. बाहेरच्या बाकावर बसा आणि मधूनमधून खोका. मला खोकला ऐकू आला की माझा डोळा लागणार नाही. एवढं जमेल?

संपादक: जमेल. खोकायला जमेल मला.

सासू: आणि ते वाक्य काढा तुमच्या पुस्तकातून. तुमच्यासाठी नव्हतंच ते. पोराला सांगितलं होतं, आले की त्याला पुन्हा सांगेन.

सून: ह्यांना फोन करू?

सासू: फोन करू नकोस कुणालाच. शनिवारी तो घरी येईल, तेव्हा समोर बसवून सांग. तोवर मी आलेली असेन. पोराची कूस बदल मधेच, एका बाजूला घामेजतो. आणि उठला की मला शोधेल तो. स्वयंपाकघरात घेऊन ये, नळ दाखव. पाणी बघितलं की त्याचा जीव रमतो.

सून: माझी शाल घ्या. तिकडे गार असेल.

सासू: दे. ही नको, चांगली आहे. ती जुनी दे.

सून: चांगलीच घ्या.

संपादक: आजी, हॉर्न वाजवला त्यांनी.

सासू: ऐकलं. ऐकू येतं मला अजून. चपला कुठल्या घालू गं? नव्या चावतात.

सून: जुन्या घाला, आई. येताना चालत यावं लागेल कदाचित.