चिमी बोलत नाही म्हणे!

नाही, तुम्ही हसा, खुशाल हसा! पण दोन वर्षांची पोरगी आपल्यापासून काहीतरी लपवतेय असं तुम्हाला वाटलं असतं ना, तर तुमच्याही घशाखाली घास उतरला नसता! मला संशय होताच. अगदी पहिल्या दातापासून. अहो, मुलांना दात येतात तेव्हा मुलं किरकिरतात, ताप येतो, चार घरांना कळतं… आमच्या चिमीनं काय केलं? काही नाही. गप्प! आणि एक दिवस मी कौतुकानं तिच्या ओठाशी बोट नेलं, तर कच्चकन्! दोन दात! कधी आले? कुणाला विचारून आले? चालण्याचंही तेच. आमच्यासमोर बाईसाहेब बुडावर सरकायच्या, तेही मागे मागे. आणि एकदा मी डबा विसरलो म्हणून परत फिरलो, तर ही तांदळाच्या पिंपाजवळ ताठ उभी, डोक्यावर माझी टोपी! मला बघितलं आणि टुपकन् खाली बसली… चेहऱ्यावर असा भाव, की मी नाही त्यातली!

कुमुदिनी, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "अहो, तुम्हाला नळाच्या पाण्याचाही संशय येतो." आता येणारच! मी अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात तपासनीस. दिवसभर पेटी उघडायची, काड्या मोजायच्या, कुठल्या काडीला गूल नाही ते शोधायचं. माझा जन्मच संशयात चाललाय!

तर तुम्हाला सांगतो, कारखाना जवळ पडावा म्हणून त्रेपन्नच्या दिवाळीनंतर आम्ही बदलापूरचं, कात्रपचं घर सोडलं आणि उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात बराकीतली एक खोली घेतली. समोरच्या रांगेत चेतीबाई. सिंधमधून आलेली, साठीची, एकटी राहणारी, उठल्यापासून पापड लाटणारी बाई. कुमुदिनी सकाळी नळाच्या रांगेत, दुपारी शिवणाच्या वर्गात, तेवढा वेळ चिमी चेतीबाईकडे. आणायला जावं तर ही पापडाच्या टोपलीशेजारी गाढ झोपलेली. शहाणं बाळ! मला संशय होताच… इतकं शहाणं बाळ आपलं असेल कसं?

आणि बोलणं? शेजारची पोरं दोन वर्षांची झाली नाहीत तर भांडायला लागली होती. आमची चिमी घरात तीन आवाज काढायची, मोजून तीन! एक, "खीर". खीर, खीर म्हणून इतकी रडायची, की कुमुदिनीनं दूध आटवलं, तांदूळ शिजवले, वेलची घातली, वाटी पुढे केली, तर फुर्रर्र करून सगळी खीर माझ्या सदऱ्यावर! दुसरा, "नखपे". त्याचा अर्थ ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. आणि तिसरा, "अदा". मी कामावरून दारात आलो, की ही माझ्याकडे बोट दाखवून ओरडणार, "अदा!" मी मागे वळून बघायचो. कुणी नाही! रोज बघायचो हो. कोण हा अदा? माझ्यामागे रोज कोण येतं?

पण एक सांगतो, रात्रंदिवस हसण्यासारखं नव्हतं ते. कुमुदिनी हिच्यासमोर बसून "आई म्हण, चिमे, एकदा आई म्हण" करायची, आणि ही नुसती बघायची. मग कुमुदिनी चुलीकडे तोंड फिरवायची. धूर झालाय म्हणायची. चुलीत जाळ नसायचा. कल्याणच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हिच्या कानामागे टाळी वाजवली, ही वळली. "कान चांगले आहेत, वाट बघा," म्हणाले. वाट बघा! वाट बघायला काय, मी बघेन, पण माझी बहीण बघेल का?

माझी थोरली बहीण बनूबाई कात्रपहून आली ती दारातूनच, "आरं दिन्या, पोर मुकी हाय तुजी! जीभ चिकाटलीय खाली. चिरावी लागंल." आणि पुढच्या रविवारी वैदूला घेऊनच हजर! नवसू वैदू, डोंगराकडचा म्हातारा, कमी बोलणारा. त्यानं फडकं उलगडलं, आत नखाएवढं पातं. कुमुदिनी म्हणाली, "नको हो." बनूबाई म्हणाली, "मग ठेव जलमभर मुकी!" आणि मी… मी बाप ना, मी चिमीला मांडीवर घट्ट धरली. धरली हो मी. खोटं कशाला सांगू?

चिमीनं पात्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बराक हलेल अशी किंचाळली, "नखपे! नखपे! अमां, अचु! अदा मारे थो!"

समोरचं दार धाडकन् उघडलं आणि चेतीबाई हातात लाटणं घेऊन आत! कोपरापर्यंत पीठ! "छा थियो? छा थियो?" आणि आमची मुकी पोरगी, बोटं नाचवत, मान हलवत, हुंदके देत, जे बोलायला लागली… पंधरा मिनिटं! न थांबता! मध्येच बनूबाईकडे बोट, मध्येच पात्याकडे, माझ्याकडे तर चार वेळा! सगळं सिंधीत! चेतीबाई लाटणं उगारून माझ्यावर, "अदा, शरम नहीं आती? कौन बोला ये बोलती नहीं? सुबह से मेरा माथा खा जाती है!"

मला संशय होताच! नव्हता? होता की!

नवसूनं पातं फडक्यात गुंडाळलं आणि शांतपणे म्हणाला, "बनूबाय, पोरीची जीभ बेस हाय. लांबलीय ती बापाची."

मग एकेक उलगडलं. खीर म्हणजे दूध. आम्ही तिला आटवून, साखर घालून छळत होतो! नखपे म्हणजे नको. अमां म्हणजे आई, अचु म्हणजे ये. आणि अदा म्हणजे भाऊ. चेतीबाई माझ्या पाठीमागे मला भाऊ म्हणते, म्हणून ही पण! माझ्या पोटची पोर मला भाऊ म्हणतेय, आणि मी सहा महिने मागे वळून बघतोय! कुमुदिनीला चेतीबाई "धी" म्हणते, म्हणजे लेक. तर ही पण तिच्याकडे बसून आईला लेक म्हणते!

आता खरं सांगतो, मला राग आला. मी म्हणालो, "बाई, आमची पोर तुम्ही तुमची करून टाकली. उद्यापासून येणार नाही ती." चेतीबाईनं लाटणं पदराला पुसलं. एवढंच म्हणाली, "मेरा पोता अजमेर में है, अदा. चार साल का हो गया. मैंने उसकी आवाज नहीं सुनी." आणि गेली.

दोन दिवस चिमी उंबऱ्यात बसून होती. बोलली नाही, जेवली नाही, समोरच्या बंद दाराकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी मी कारखान्यात पेट्या तपासत होतो, तर काड्यांचा आकडाच जुळेना. घरी आलो, हिला उचललं, समोरचं दार वाजवलं आणि म्हणालो, "अमां, ही घ्या. आणि मलाही चार शब्द शिकवा." चेतीबाईनं मला पापड दिला. तिखट होता, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे… तिखटच होता.

मग काय, मी शिकायला लागलो. मोठ्या हौशीनं हिला म्हटलं, "चिमे, खीर खपे?", म्हणजे दूध हवं का, तर माझ्याकडे असं बघितलं, की मी पेटीतली गूल नसलेली काडी! आणि पंधरा दिवसांनी चेतीबाई आमच्या दारात, कमरेवर हात. "अदा, ये क्या जादू किया? मेरे घर में आके बोलती है, 'नको, नको, पापड नको!' सिंधी में एक लफ्ज नहीं!" म्हणजे बघा, आमच्याकडे सिंधी, तिच्याकडे मराठी. कुमुदिनीला पहिल्यांदा "आई" म्हणाली ती चेतीबाईच्या ओट्यावर. आमच्या खोलीत आली की परत लेक!

आता रोज संध्याकाळी मी आणि चेतीबाई ओट्यावर बसतो. ती मला विचारते, मी तिला विचारतो, असं करत आम्ही आमची पोरगी समजून घेतो. काल ही दोघांच्यामध्ये येऊन उभी राहिली, हातवारे करून मिनिटभर काहीतरी बोलली, स्वतःच पोट धरून हसली आणि आत निघून गेली. मी म्हटलं, "अमां, ये सिंधी में क्या बोली?"

चेतीबाई माझ्याकडे बघतच राहिली. "सिंधी? मैं समझी, मराठी है!"