यादीतली कोरी ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष रेव्हरंड बॉयकिन, व्यासपीठावरचे काउंटीचे वकील हॉलिससाहेब, नोंदणी कचेरीतून आज निवृत्त होणाऱ्या आमच्या वर्डेलबाई हॉज आणि माउंट नीबो चर्चमधल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी लेम्युएल गेन्स. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे मागे कोण चुळबुळ करतंय हे मला न वळता कळतं. सिस्टर पर्ल, तळलेलं चिकन भाषणानंतर!

वर्डेलबाईंच्या कामाचं कौतुक इतरांनी केलंच. मी एकच गोष्ट सांगतो. ऑगस्टच्या मेळाव्यात आपण आपल्या वारलेल्या माणसांची यादी वाचतो. नाव पुकारलं की घरचे उभे राहून ‘हजर’ म्हणतात. माझ्या लहानपणी वाचणारा एका ठिकाणी थांबायचा. मला वाटायचं, चष्मा पुसतोय. पण तेवढ्यात आजी माझा हात घट्ट धरायची. ती कोरी ओळ माझ्या आजोबांची होती. एकोणीसशे एकोणीस साली गोऱ्यांच्या जमावाने त्यांना कोर्टासमोरच्या झाडावर फाशी दिली. पोरांचा माग लागू नये म्हणून आजीने बायबलमधलं घरच्यांची नावं लिहिलेलं पान फाडून चुलीत घातलं.

शंभर वर्षांनी काउंटीने तिथे स्मृतिफलक लावायचं ठरवलं. मजकूर काय? ‘एक अनोळखी काळा इसम.’ सरकारी नोंदीत तेवढंच होतं. हॉलिससाहेब म्हणाले, “लेम, कागद आण.”

“कागद आम्हीच जाळलाय, साहेब.”

“मग मी तरी काय करू?”

हे वर्डेलबाईंनी कचेरीतल्या पलीकडच्या टेबलावरून ऐकलं. बुधवारी त्या आपल्या चर्चच्या स्वयंपाकघरात आल्या, बटाटे सोलायला बसल्या. तिथे जेवणाच्या तयारीला आम्ही कुटुंबातले सात म्हातारे होतो. त्यांनी विचारलं, “नाव काय होतं त्यांचं?” आम्ही खाली मान घालून बटाटे सोलत राहिलो. शेवटी शहाण्णव वर्षांच्या आयसीमावशी म्हणाल्या, “बाई, ते नाव घराबाहेर काढायचं नाही, अशी शपथ आहे.”

“कुणाच्या भीतीने घेतली होती, मावशी?”

“त्या लोकांच्या.”

“ते सगळे मेले. त्यांच्या मृत्यूच्या नोंदी माझ्याच कपाटात आहेत. येऊन बघा हवं तर.”

मावशी इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग त्यांनी नाव घेतलं. वर्डेलबाईंनी सातही जणांचे जबाब लिहून घेतले. हॉलिससाहेब म्हणाले, “या ऐकीव गोष्टी आहेत.” वर्डेलबाई म्हणाल्या, “शिक्का मारला की कागद होतो, साहेब. तुमच्या वाडवडिलांच्या जमिनींचे कागद तरी असेच झाले ना?”

साहेब, तुम्ही हसताय, बरं वाटलं. सही तुम्हीच केलीत, तेही मी विसरलेलो नाही.

उद्या फलकाचं अनावरण आहे. नावासकट.

वर्डेलबाई, घरी विश्रांती घ्या. बटाट्यांसाठी मात्र बुधवारी यावं लागेल. अध्यक्षांचे, स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे आणि आपल्या सर्वांचे आभार. माझं बोलणं कुणाला टोचलं असेल तर म्हाताऱ्याला माफ करा. आणखी एक मिनिट थांबा. कारण आज ऑगस्ट नसला, तरी रेव्हरंडांच्या परवानगीने मी एक नाव पुकारणार आहे.

ॲम्ब्रोज गेन्स.

मी उभाच आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो.

हजर.