हेरंबचे पान धरून

नाव: मंदाकिनी दीनानाथ टिपणीस, वय ६२ वर्षे, धंदा: शाळामास्तरीण, आता निवृत्त, राहणार घडियाळी पोळ, बडोदे.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी मुलगा हेरंब व सून पद्मा यांच्यासोबत राहते. माझे यजमान दीनानाथ वारले त्याला बरीच वर्षे झाली. मला गुजराती येते, पण हे मराठीतच सांगायचे आहे. म्हणून जमादार हंबीरराव मराठीत लिहून घेत आहेत. गुजराती प्रत ते सोबत जोडतील.

काल हेरंबने या ठाण्यात मी हरवल्याची खबर दिली. ती मला वाचून दाखवली. आईला कोणीतरी फूस लावून नेले असावे, असे तो म्हणतो. या वयात मला फूस लावायला कोणी येत नसते. हे वाक्य जमादार लिहायला तयार नव्हते, माझ्या आग्रहावरून लिहिले आहे.

मी परवा एस.टी.ने सावली गावी कुसुमावतीबाई निंबाळकर यांच्याकडे गेले. त्यांचे थोरले बंधू भास्करराव बाजव्याला राहतात, विधुर आहेत. गुडघ्यांच्या व्यायामाला ते व मी एकाच दवाखान्यात जात होतो, तिथली ओळख. येत्या शुक्रवारी आमचे नोंदणी पद्धतीने लग्न आहे. मी ते राजीखुशीने करीत आहे.

हे हेरंबला मी सांगितलेले नव्हते. आज सांगते, उद्या सांगते करीत राहिले. नोंदणी कचेरीच्या फळ्यावर आमच्या नावांची नोटीस महिनाभर लागलेली होती. हेरंबचे ऑफिस त्याच रस्त्यावर आहे. कोणी ओळखीचा वाचील, त्याच्या कानावर घालील आणि माझी सुटका होईल, असे मला वाटे. तो घरी येऊन चपला काढून विचारायचा, "आई, जेवायला काय आहे?" मी भाजीचे नाव सांगत असे.

लग्न छोटेच करायचे होते, पण किती छोटे हे ठरेना. हेरंब राजी झाला तर आमच्याच घरी, शेजारपाजारी बोलावून, आमरस-पुरी आणि मसालेभात. नुसता तोंडदेखला आला तर सावलीला कुसुमावतीबाईंच्या अंगणात. त्यांच्याकडच्यांना मटणाशिवाय लग्न लागल्यासारखे वाटत नाही, तेव्हा ते संध्याकाळी वेगळे. आणि आलाच नाही तर साक्षीदारांना घेऊन कुठेतरी गुजराती थाळी खायची. भास्कररावांना यातले काहीही चालत होते. मला मात्र झोप नव्हती. तो रागावेल याची भीती नव्हती. तो "तुझी मर्जी" म्हणून आत निघून जाईल, याची होती.

सावलीच्या स्वयंपाकी महाराजांनी विचारले, "बेन, केटला माणस?" मी आठ म्हटले, मग चाळीस म्हटले. ते म्हणाले, "आठ ने चालीस वच्चे तो आखु गाम आवी जाय, बेन." म्हणजे आठ आणि चाळीसच्या मध्ये अख्खे गाव मावते. तेवढ्यात हेरंबचा फोन आला. मी उचलला नाही, आणि पुन्हा वाजला तेव्हा बंदच करून टाकला. कुसुमावतीबाई म्हणाल्या, "वहिनी, पोरगं काळजी करील हो." मी ऐकले नाही व तिथेच मुक्काम केला. हे माझे चुकले.

आज सकाळी फोन चालू केला तेव्हा पद्माचा निरोप होता, "आई, हे पोलिसात गेलेत. लवकर या." मी मिळेल त्या बसने आले. पद्माला आधीपासून माहीत होते काय, या प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे नाही.

खबरीत हेरंबने माझे वर्णन दिले आहे. उंची, चष्मा, साडीचा रंग बरोबर आहे. पुढे त्याने लिहवले आहे की, आई कुठे सापडल्यास तिला आधी चहा द्यावा, ती स्वतःहून काही मागत नाही. एवढे मी जमादारांना पुन्हा एकदा वाचायला सांगितले.

हेरंब बाहेर बाकावर बसला आहे. कालपासून त्याच्या पोटात अन्न नाही, असे कळते. मी आले तेव्हा तो उठून उभा राहिला. माझी त्याच्याविरुद्ध काही तक्रार नाही. त्याची खबर निकाली काढावी.

माझी एक विनंती आहे. महाराजांना आज आकडा कळवायचा आहे, आणि पंगत मांडायची की बुफे, तेही. शुक्रवारच्या लग्नाचे हेरंबला सांगून, त्याचे पान धरायचे की नाही, एवढे जमादारांनी त्याला विचारून यावे. माझ्याने विचारवत नाही.

जमादार म्हणाले, "बाई, हे काय पोलिसाचं काम हाय?" आणि उठून बाहेर गेले.

परत येऊन त्यांनी सांगितले ते असे. हेरंब म्हणाला, "मी जेवायला बसणार नाही." मी बरे म्हटले व सही करायला पेन मागितले. जमादार म्हणाले, "अहो, पुरतं ऐका तरी. तो विचारतोय, वाढायला कोण हाय तुमच्याकडं? म्हणतो, घरचा माणूस आधी बसतो का कधी? बुफे नको म्हणून सांगा तिला."

त्यावरून पंगत धरली आहे.

हा जबाब जमादारांनी मला मराठीत वाचून दाखवला. बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचा, असे मीच सांगितले होते. तसा तो वाचला. मी सांगितले तेच लिहिले आहे, म्हणून सही केली.

मंदाकिनी दीनानाथ टिपणीस