मुशीचं तेल

आगरदांड्याच्या धक्क्यावर मुरूडला जाणारी मोटर उभी होती. आम्ही पाच उतारू आत बसून होतो आणि बाहेर ड्रायव्हर गुणाजीची मोटरीचे मालक भिकू नाखवा यांच्याशी जुंपली होती.

“नाखवा, टाकीत काय ओतलंत?”

“पेट्रोल.”

“वास तर घासलेटाचा येतोय.”

“निम्मं घासलेट हाय. दिव्यात जळतं, मग इंजिनात का जळणार न्हाय?”

“जळतं, पण नुसता धूर. काल खिंडीच्या चढाला दोनदा बंद पडली. बायामाणसं उतरून ढकलत व्हती.”

“जुनी हाय ती. माझ्याआधी तीन मालकांनी हाकलीय.”

“जुनी हाय म्हणून तरी तिला धड काहीतरी घाला. इंजिनाचं तेल मागून मला महिना झाला.”

“सकाळीच घातलं की.”

“कसलं?”

“मुशीचं.”

“माशाचं तेल?”

“माझ्या बापानं तेच फासून तीस वरसं होडी चालवली. एक फळी कुजली न्हाय.”

“नाखवा, होडीच्या फळ्या तापत न्हायत. इंजिन तापतं. किती वेळा सांगू?”

“तू सांगायचं आणि मी करायचं, व्हय? तुझा तो ब्रेक रोज करकरायचा, त्यालाबी मीच चोपडलं. आता बघ, आवाज न्हाय.”

“ब्रेकला तेल लावलंत?”

“भरपूर.”

“बरं. मग आज तुम्ही माझ्या शेजारी बसा.”

“मी होडीनं जातो. घरी सोयरे यायचेत, मला पोचायला हवं.”