साडीखालचे पांढरे बूट

अगं, आमच्या इराच्या बारावीच्या फेअरवेलचं सांगायचंच राहिलं. इथे कोलकात्यात त्या दिवशी सगळ्या मुली साडी नेसतात, आणि यंदा साडीखाली पांढरे बूट घालायची फॅशन होती. माझ्या लग्नातल्या मोरपंखी साडीखाली बूट! मी कपाळाला हात लावला. पण इराला काळजी वेगळीच होती.

"आई, सगळे जोडीने नाचणार. मला येतच नाही. मी आपली भिंतीला टेकून उभी राहणार."

मला तरी कुठे येतं? मला येते ती फुगडी. तीच हॉलमध्ये शिकवली. "पाय जवळ, हात घट्ट, आणि वजन मागे टाक."

"मग मी पडणार ना!"

"समोरची धरते गं. भिऊ नकोस."

फेअरवेलला खरंच तिला कोणी नाचायला बोलावलं नाही. मग शेजारी तशाच उभ्या असलेल्या तितली नावाच्या वर्गमैत्रिणीचे हात तिने धरले आणि दोघी गरगर फिरल्या. थोड्या वेळाने म्हणे अर्धा वर्ग फुगडी घालत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. बूट दारात होते. आमचं माप एकच. मी ते पायात घातले, पदर खोचला आणि हात पसरून हळूच एक गिरकी घेतली. मग आणखी एक. खिडकीतलं आभाळही माझ्याबरोबर फिरायला लागलं.

"आई, एकटीने काय फिरतेस?" दारात इरा उभी होती. "हात दे. आणि वजन मागे टाक, मी धरते."