गुरुवारचं पाणी

आकुर्डीच्या थांब्यावर रांगेत माझ्यापुढं दोघं होते. लाकडी पेटी सांभाळत उभे असलेले एक सरकारी साहेब, आणि त्यांना न्याहाळणारे धोतरातले आबाजी.

"पेटीत बाटल्या हायती व्हय, साहेब?"

"हो. कारखान्याखालच्या ओढ्याचं पाणी तपासायला न्यायचंय."

"म्हंजे कंपनीच्या जीपमधनं यायचं ते तुमीच!"

"मीच. आमच्या ऑफिसला गाडी नाही. आधी कंपनीला पत्र जायचं, मग त्यांचीच जीप न्यायला यायची."

"त्या दिशी वढा निवळशंख असायचा."

"अहवालात मी तसंच लिहायचो."

"आन आज बसनं?"

"नव्या साहेबांनी लेखी दिलंय. दिवस तुम्ही ठरवा, कुणाला कळवू नका."

"पर आज गुरुवार. कारखान्याला सुट्टी."

"अरेरे! म्हणजे फेरा फुकट."

"फुकट कसा? सुट्टीलाच टाक्या धुत्यात आन समदं वढ्यात सोडत्यात. गुरुवारी आमी म्हशी गोठ्यातनं सोडत न्हाई."

"इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही, आबाजी."

"जीप आमच्या गावापत्तूर आली कुठं, साहेब?"