वासराच्या गळ्यातला काळा धागा

रुखमा : एका धाग्यापायी एवढी काऊन घाबरून राह्यली, दामिनी? तुह्या पिशवीत काळा धागा दिसला. वासराले नजर लागू नये म्हणून बांधला गळ्यात.

दामिनी : आई, ते कार्बनचं सूत आहे गं! केसाहून हजारो पटींनी बारीक नळ्या, त्या एकत्र ओढून पिळायच्या. वीज वाहून नेतं, तुटता तुटत नाही, आणि वजन म्हणशील तर काहीच नाही. पावसाळाभर खपले तेव्हा एवढंच धड निघालं. उद्या नागपूरला तपासणीला द्यायचंय. नाही दिलं, तर माझं काम बंद.

रुखमा : बाप्पा! मले काय माहीत? मामाजी, तुम्ही तरी सांगा हिले.

आजोबा : सूनबाईंच्या हातून हे अजाणता घडले, दामिनी. वासरू कोठे आहे?

रुखमा : लालसू ढोरकी ढोरं चारायले घेऊन गेला, तलावाकडे.

दामिनी : चिखलात!

आजोबा : ते सूत्र जलाने विरते काय?

दामिनी : पाण्याची भीती नाही, आजोबा. भीती गाठीची आहे. आम्ही ते चिमट्यानं उचलतो. गाठ मारायची कोणाची छाती झाली नाही. आतून तुटलं असेल, तर वीज जाणार नाही.

रुखमा : मी तं दोन गाठी मारल्या. चांगल्या कचकचून.

(घंटांचा नाद. गुरे परततात.)

रुखमा : आली, आली! ये वं सोनी. धर तिले, दामिनी.

दामिनी : आहे! गळ्यातच आहे! पण गाठ सुटत नाही गं.

रुखमा : सरक. तू ओढू नको, मी नखानं काढतो... घे, निघाली.

दामिनी : आजोबा, हे वीज मोजायचं मीटर धरा, मी सुताला तारा लावते. काय दाखवतंय?

आजोबा : बाळ, उपनेत्र आत राहिले. तूच पाहा.

दामिनी : वाहतेय! वीज वाहतेय, आजोबा! गाठीच्या जागीसुद्धा!

आजोबा : या कोळशाच्या मुलखात माझे आयुष्य गेले. त्या द्रव्याचा धूर पाहिला, राख पाहिली. त्याच्याच कुळातले हे निर्मळ सूत्र आज पाहिले. त्याला माझा नमस्कार.

रुखमा : नमस्कार मंग करा, मामाजी. पोरगी रडून राह्यली.

दामिनी : रडत नाही गं. सुटल्यासारखं वाटलं.

रुखमा : अन् तुह्या साहेबाले सांग, गाठीची परीक्षा आमच्या सोनीनं घेतली म्हणा.

दामिनी : सांगते ना! अहवालात तिचं नावच घालते.

आजोबा : सूनबाई, वासराचा गळा मात्र उघडा राहिला.

रुखमा : राहू द्या. मीठ-मोहऱ्या आणतो. आज आधी हिची नजर काढतो.